पूर्ण थ्रॉटलला इंजिन रेटेड आरपीएम गाठत नाही: शिडाच्या बोटीच्या प्रोपेलरचं पिच किती कमी करावं आणि कसं?

प्रश्न असा आहे. ३४ फुटी शिडाची बोट, पाण्याच्या रेषेवर लांबी २८ फूट. इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) डिझेल इंजिन २७ अश्वशक्तीचं, रेटेड ३६०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला इतक्या फेऱ्यांवर ते पूर्ण ताकद देतं. गिअरबॉक्सचं गुणोत्तर २.६२. शाफ्टवर १६ इंची, तीन पात्यांचा फेदरिंग प्रोपेलर (शिडावर चालताना ज्याची पाती पाण्याच्या रेषेत वळतात असा), २० अंशांवर लावलेला. शांत पाण्यात पूर्ण थ्रॉटल दिला की आरपीएम ३१५०वर अडतो, वेग ६.६ नॉट मिळतो आणि मागून काळा धूर येतो. पिच कमी करायचं का, किती, आणि ते काम स्वतः करता येईल का?

दिलेले आकडे खरे असतील तर पिच, म्हणजे पात्यांचा तिरपेपणा, जास्तच आहे. २० अंशांवरून ते १७च्या आसपास आणावं लागेल. दोन-दोन अंशांच्याच पायऱ्या असलेला हब (पाती जिथे बसतात तो मधला भाग) असेल तर १६ घ्या. पण पाना हातात घ्यायच्या आधी आकडे खरे आहेत का ते तपासा. ‘पिच चुकलंय’ म्हणून बोट पाण्याबाहेर काढायची आणि दोष निघायचा थ्रॉटलच्या केबलमध्ये, असं सर्रास होतं.

आधी आरपीएम मीटर. शिडाच्या बोटींवरचे बरेच मीटर आल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून स्पंद मोजतात. आल्टरनेटर बदलला, त्याची पुली लहानमोठी झाली किंवा आतल्या ध्रुवांची संख्या वेगळी निघाली की मीटर खोटं बोलू लागतं. बेल्ट घसरत असेल तर भार वाढल्यावरच खोटं बोलतं, म्हणजे नेमकं चाचणीच्या वेळी. फ्लायव्हीलच्या दात्यांवरून मोजणारे मीटर त्यापेक्षा भरवशाचे. काहीही असो, प्रकाशावर चालणारं हातातलं टॅकोमीटर घ्या आणि क्रँकच्या पुलीवर परावर्तक पट्टीचा छोटा तुकडा चिकटवून १०००, २००० आणि ३००० आरपीएमला दोन्ही आकडे ताडून बघा. मीटर ३१५० दाखवतोय आणि खरे ३३०० आहेत, असं निघालं तर पुढचं सगळं गणित बदलतं.

मग न्यूट्रलमध्ये गरम इंजिनला पूर्ण थ्रॉटल द्या, काही सेकंदच. चांगल्या अवस्थेतलं इंजिन इथे रेटेडच्या वर जायला हवं. ३६००च्या इंजिनाला साधारण ३७५० ते ३९०० दिसावेत, नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत असतो. तिथपर्यंत जात नसेल तर दोष प्रोपेलरचा असूच शकत नाही, कारण न्यूट्रलमध्ये प्रोपेलर फिरतच नाही. एकाने कॉकपिटमध्ये लिव्हर पुढे ढकलून धरावा, दुसऱ्याने खाली इंजिनावरचा थ्रॉटलचा दांडा बघावा. तो कमाल वेगाच्या स्टॉप स्क्रूला टेकतो का? मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट राहिली तरी वरचे काहीशे आरपीएम हातचे जातात. अशा वेळी केबल जुळवा. तो सीलबंद स्क्रू मात्र फिरवू नका.

धूर काय सांगतो तेही बघू. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. पिच जास्त असलं की गव्हर्नर (फेरे राखायला डिझेल कमी-जास्त करणारा भाग) जमेल तेवढं डिझेल सोडतो, पण फेरे वाढत नाहीत म्हणून हवा कमी पडते आणि काजळी बाहेर येते. हवा कोंडली तरी हेच चित्र दिसतं, म्हणून ते वेगळं काढायला सोपी युक्ती आहे. पूर्ण थ्रॉटलवर चालताना इंजिनाच्या खोलीचं झाकण उघडा. आरपीएम ५०-१०० नी वर चढला तर इंजिन श्वासाला अडलंय. एअर फिल्टर आणि खोलीला हवा देणारा मार्ग आधी मोकळा करा. एक्झॉस्टचा मिक्सिंग एल्बो (जिथे धुरात थंड पाणी मिसळतं ते वळण) काजळीने आणि मिठाने आतून बुजला तरी काळा धूर येतो. तो कधी उघडलाच नसेल तर आता उघडा. आतली वाट करंगळीएवढी उरलेली निघाली तर नवल नाही. उलट आरपीएम कमी, धूर जवळपास नाही आणि इंजिनाचा आवाज हेलकावे खातोय, असं असेल तर डिझेल पुरत नाहीये. फिल्टर, टाकीतली उपसा नळी आणि हवा ओढणारे जोड तपासा. यात पिचचा काही संबंध नाही.

उरला तळ. प्रोपेलरवर बार्नकलची नुसती खरखर असली तरी पातं पाणी कापण्याऐवजी घुसळतं आणि दोनशे-तीनशे आरपीएम सहज जातात. तळावर शेवाळ असेल तर बोट मंदावते, प्रोपेलरवर भार वाढतो, इंजिन दबतं. अशा बोटीवर घेतलेली चाचणी म्हणजे अस्वच्छ तळाला जुळणारं पिच काढणं. पुढच्या रंगकामानंतर तेच पिच कमी पडेल. तळ आणि पाती स्वच्छ असताना, टाक्या भरलेल्या आणि नेहमीचं सामान चढवलेलं असताना मोजा.

चाचणी घ्यायची तर खोल पाण्यात. उथळ पाण्यात बोटीचा मागचा भाग खाली ओढला जातो, लाट मोठी उठते आणि इंजिनावरचा भार खोटा वाढतो. वारा नसलेली सकाळ निवडा. इंजिन पूर्ण गरम झालं की १५०० आरपीएमपासून २५०-२५० च्या टप्प्यांनी वर जा. प्रत्येक टप्प्यावर दोन मिनिटं थांबा, जीपीएसवरचा वेग लिहा, मग वळून उलट दिशेने तेच करा आणि दोन्हींची सरासरी घ्या, म्हणजे प्रवाहाचा हिशोब सुटतो. तपमान आणि धूर कुठून सुरू झाला तेही लिहा. जेट्टीला दोर बांधून पूर्ण थ्रॉटल देऊन बघायची जी पद्धत आहे, तिच्यावर पिच ठरवू नका. बोट जागची हलत नसल्याने प्रोपेलरवर भार जास्त येतो आणि आरपीएम समुद्रातल्यापेक्षा कमीच दिसतो. आधी-नंतरची तुलना करायला ती ठीक आहे, एवढंच.

हे सगळं करूनही ३१५० टिकला, तर आता पिचकडे या.

पिच म्हणजे घट्ट पदार्थात स्क्रू फिरावा तसा प्रोपेलर एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर. स्थिर प्रोपेलरच्या हबवर ‘१६ × ११ आरएच’ असं कोरलेलं असतं. म्हणजे व्यास १६ इंच, पिच ११ इंच, उजव्या हाताचा. बोटीच्या मागे उभं राहून बघितलं तर पुढे जाताना उजव्या हाताचा प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरतो. (स्थिर प्रोपेलर शाफ्टवर उलटा चढवला तरी त्याचा हात बदलत नाही. फक्त पात्याची चुकीची कड पुढे येते आणि ताकद जाते. ही चूक लोक करतात.)

फेदरिंग प्रोपेलरवर पिच अंशांत दिलेलं असतं, त्यामुळे आधी ते इंचांत आणावं लागतं. पात्याचा कोन व्यासार्धाच्या ७० टक्क्यांवर धरायची रीत आहे. १६ इंची प्रोपेलरचं व्यासार्ध ८ इंच, त्याचे ७० टक्के ५.६ इंच, आणि त्या वर्तुळाचा परीघ ३५.२ इंच. या परिघाला कोनाच्या टॅन्जंटने गुणलं की पिच मिळतं. २० अंशांना १२.८ इंच, १८ला ११.४, १७ला १०.८, १६ला १०.१. म्हणजे या व्यासाला दोन अंश म्हणजे साधारण १.३ ते १.४ इंच पिच. व्यास वेगळा असेल तर हे आकडे उचलू नका, परीघ नव्याने काढा.

आता पिचमधला एक इंच इंजिनाच्या किती आरपीएमबरोबर? इतक्या आकाराच्या, विस्थापन तळाच्या (पाण्यावर न उचलता पाणी बाजूला सारत जाणाऱ्या) बोटीत ढोबळमानाने १५० ते २०० धरा. तुम्हाला ३१५०वरून ३५०० ते ३६००च्या दरम्यान जायचंय, म्हणजे सुमारे ३५० ते ४५० आरपीएम, म्हणजे दोन ते अडीच इंच पिच कमी. १८ अंशांवर १.४ इंच सुटतात आणि इंजिन ३४००च्या आसपास थांबेल. १७वर दोन इंच सुटतात, ३५०० मिळतील. १६वर २.७ इंच सुटतात आणि इंजिन ३६००ला टेकेल. उत्तराच्या सुरुवातीला १७ सांगितलं ते यामुळे, आणि पर्याय नसेल तर १६. मीटर तपासल्यावर खरा आकडा ३२५०च्या वर निघाला तर १८ पुरेल.

बरेच जण इथे स्लिपचं, म्हणजे सैद्धांतिक आणि प्रत्यक्ष वेगातल्या तफावतीचं, गणित घेऊन बसतात. शाफ्टचे आरपीएम गुणिले पिच इंचांत, भागिले १२१५, की सैद्धांतिक वेग नॉटमध्ये येतो. तुमच्याकडे ३१५०ला शाफ्ट १२०२ फेरे मारतो. १२.८ने गुणून १२१५ने भागलं की १२.७ नॉट. प्रत्यक्षात ६.६, म्हणजे स्लिप ४८ टक्के. ऐकायला भयंकर वाटतं, पण शिडाच्या बोटीला ४० ते ५५ टक्के स्लिप नेहमीची आहे. तळ शिडांवर चालण्यासाठी घडवलेला असतो, पाती लहान असतात, आणि पाण्याच्या रेषेवर २८ फूट लांबी म्हटल्यावर तळाचा वेग सातच्या पुढे फारसा जातच नाही. स्लिपवरून पिच चूक की बरोबर हे ठरत नाही. ते पूर्ण थ्रॉटलचा आरपीएमच सांगतो.

थोडं जास्त पिच ठेवून इंजिन कमी फेऱ्यांवर, शांतपणे चालवावं, असा एक मतप्रवाह आहे. त्यात तथ्य नाही असं नाही. २२००वर निवांत चालताना प्रोपेलरची मागणी इंजिनाच्या क्षमतेपेक्षा खूप खाली असते, तिथे जास्त पिचने इंजिनाला लगेच काही होत नाही. पण वाऱ्याला तोंड देऊन आखूड लाटांत जायची वेळ आली की बोट ६ नॉटवरून ४वर येते. पाणी पात्यावर येण्याचा वेग घटतो, पातं पाण्याला ज्या कोनात भिडतं तो कोन वाढतो, भार चढतो आणि आधीच दबलेलं इंजिन आणखी दबतं. तुम्ही लिव्हर पुढे नेता, गव्हर्नर सगळं डिझेल ओततो, फेरे मात्र वाढत नाहीत. एक्झॉस्टचं तपमान चढतं, व्हॉल्व्ह आणि पिस्टन भाजतात, एल्बो काजळीने भरतो. २७ अश्वशक्ती ही ३६०० फेऱ्यांची आहे. ३१५०वर थांबणाऱ्या बोटीला ती कधी मिळतच नाही, आणि गरज पडते ती नेमकी किनारा जवळ आणि वारा समोर असताना. फार तर रेटेडच्या पाच टक्के खाली राहण्याला मी मान्यता देईन, त्यापुढे नाही. तळ वर्षभरात घाण होणारच, तेव्हा सुरुवात कमी पिचच्या बाजूने केलेली बरी.

उलट टोकही आहे. स्वच्छ बोटीवर पूर्ण थ्रॉटलला इंजिन रेटेडच्या पुढे जाऊन गव्हर्नरच्या कमाल मर्यादेवर आपटत असेल, धूर अजिबात नाही आणि वेग मात्र नेहमीपेक्षा कमी, तर पिच कमी पडतंय. सेलड्राइव्हवर (तळातून सरळ खाली उतरणाऱ्या गिअरच्या पायावर) रबरी बुश असलेला हब असेल तर बुश सुटून आत घसरत असला तरी असंच दिसतं. हबचा शाफ्टवर बसणारा आतला भाग आणि बाहेरचा भाग या दोन्हींवरून एक सरळ रेघ मारून ठेवा, चाचणीनंतर रेघ तुटलेली दिसली तर बुश गेलाय. गिअरबॉक्सचा क्लच घसरतोय का तेही याच वेळी बघा.

आता प्रत्यक्ष काम. ते कोणत्या जातीचा प्रोपेलर आहे यावर अवलंबून आहे.

फोल्डिंग प्रोपेलर असेल, तर पिच पात्यातच ओतलेलं असतं. पाती बदलायची किंवा वेगळ्या पिचचा संच घ्यायचा, दुसरा उपाय नाही. ऑटोप्रॉप नावाचा प्रोपेलर स्वतःच स्वतःचं पिच जुळवतो, तिथे लावायचं काही नसतं. त्याचे बेअरिंग सैल झाले की गोंधळ होतो, तेवढं बघायचं.

तुमच्यासारखा फेदरिंग असेल, तर दोन मुख्य घराणी आहेत. एका घराण्यात हबच्या आत मध्यभागी शंकूच्या आकाराचा गिअर असतो आणि प्रत्येक पात्याच्या मुळाशी दाते असतात. पात्याचे दाते मध्यगिअरच्या कोणत्या खाचेत बसवले यावर पिच ठरतं. जुना मॅक्स-प्रॉप या जातीचा. पिच बदलायचं म्हणजे हब उघडायचा, पाती काढायची आणि निर्मात्याच्या तक्त्याप्रमाणे नव्या खुणेवर बसवायची. दुसऱ्या घराण्यात पात्याचा थांबा बाहेरच्या स्क्रूने सरकतो. किवीप्रॉपमध्ये प्रत्येक पात्याला स्वतंत्र स्क्रू असतो. व्हेरिप्रॉपमध्ये पुढचं आणि रिव्हर्सचं पिच वेगवेगळं लावता येतं. हे कामाचं आहे, कारण बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सचं गुणोत्तर पुढच्यापेक्षा वेगळं असतं. बाहेरून स्क्रू असलेल्यांना पाणबुड्यानेही हात लावता येतो. दाते असलेला हब पाण्याखाली उघडायच्या फंदात पडू नका. एक पिन हातातून सुटली की गेली.

कुठल्याही कामाआधी: इंजिनाची चावी काढून खिशात, बॅटरीचा स्विच बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पॅनेलवर ‘खाली माणूस आहे’ अशी पाटी. पाण्यात उतरायचं असो वा नसो.

दात्यांचा हब उघडताना सर्वांत आधी मोबाइलने फोटो काढा, मग खुणा करा. हबचे दोन्ही अर्धे भाग, तिन्ही पाती आणि मध्यगिअर यांच्यावर कायम शाईने एकमेकांसमोर रेघा मारा आणि पात्यांना १, २, ३ असे आकडे द्या. कारखान्यात ही पाती त्याच हबात घासून बसवलेली असतात, अदलाबदल केली की बसणी बिघडते. मग मागचा झिंकचा ॲनोड (इतर धातूऐवजी स्वतः गंजून जाणारा तुकडा) काढा, शंकूचे बोल्ट काढा. बोल्ट हटत नसेल तर ॲलन कीला नळी लावून जोर करू नका, ब्राँझमधला षट्कोन लगेच गोल होतो. आधी आत भरलेला रंग आणि चुन्याचे थर टोकदार अवजाराने साफ करा, ॲलन की पूर्ण आत ठोकून बसवा, भेदक तेल सोडून थांबा. हब उघडल्यावर जुनं ग्रीस पूर्ण धुवा आणि दाते बोटाने चाचपा. दात्यावर कंगोरा लागला किंवा पातं हबमध्ये जाणवण्याइतकं डुलू लागलं, तर पिच बदलून उपयोग नाही. ती झीज आवाज आणि थरथर देणारच.

नव्या खुणेवर पाती बसवल्यावर हब बोल्टने हलका बंद करा आणि तपासा. पाती हाताने फिरवून पूर्ण फेदरमध्ये आणा. तिन्ही पाती शाफ्टच्या रेषेत, एकसारखी दिसायला हवीत. एखादं पातं तिरकं उभं असेल तर ते एक दाता चुकून बसलंय. इथे ‘जवळपास बरोबर’ म्हणून बंद करू नका. एक दाता चुकलेला प्रोपेलर बाराशे फेऱ्यांवर बोटीतली भांडी वाजवतो आणि कटलेस बेअरिंग (शाफ्टला आधार देणारं रबरी बेअरिंग) खातो.

पिच खरंच बसलं का, हे मोजायची पद्धत अशी. डिजिटल कोनमापक शाफ्टवर लांबीच्या दिशेने ठेवून शून्य करा. त्यामुळे शाफ्टचा उतार हिशोबातून जातो. एक पातं बरोबर आडवं, बोटीच्या बाजूकडे येईल असं फिरवा. पातं पुढे जाण्याच्या स्टॉपला दाबून धरा, दात्यांमधली ढील निघून गेली पाहिजे. व्यासार्धाच्या ७० टक्क्यांवर, म्हणजे तुमच्याकडे शाफ्टच्या मध्यापासून १४२ मिलिमीटरवर, पात्याच्या दाबाच्या, म्हणजे मागच्या बाजूला मापक टेकवा. येणारा आकडा ९० वजा पिचचा कोन असतो. १७ अंश हवे असतील तर ७३ दिसायला हवेत. तिन्ही पात्यांना हेच करा. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. स्क्रूच्या जातीत तर हे अनिवार्यच, कारण तिथे वळसे मोजूनच भागवायचा मोह होतो आणि एका स्क्रूखाली वाळूचा कण असला तरी हिशोब फसतो. सगळं जुळलं की निर्मात्याने सांगितलेलं ग्रीस भरा, बोल्टच्या आट्यांना ते सैल होऊ न देणारा द्रव लावा, पिना नव्या घाला आणि ॲनोड नवा बसवा.

स्थिर प्रोपेलर असणाऱ्यांसाठी. ब्राँझची पाती मुरगाळून पिच वाढवता-कमी करता येतं, पण ते प्रोपेलर दुरुस्त करणाऱ्या कारखान्याचं काम आहे. साच्यावर ठेवून, लागेल तिथे उष्णता देऊन ते करतात आणि नंतर संतुलन तपासतात. एक ते दोन इंचांपर्यंत ठीक, त्यापुढे दुसरा प्रोपेलर शोधा. हातोड्याने घरी वाकवायचा विचारही नको. पिच जास्त म्हणून व्यास कापायचा सल्लाही मिळतो. एक इंच व्यास हा दोन ते तीन इंच पिचएवढा भार उचलतो, म्हणून कापणं झटपट परिणाम दाखवतं. पण मोठा व्यास आणि कमी पिच हीच शिडाच्या बोटीला मानवणारी जोडी आहे. पात्याचं टोक आणि तळ यांच्यात व्यासाच्या दहा टक्क्यांहून कमी अंतर असेल तरच कापण्याला अर्थ आहे, नाहीतर नाही.

जुन्या प्रोपेलरवरचा आकडा खरा असेलच असं नाही, मध्येच कुणीतरी तो मुरगाळून घेतलेला असतो. तो घरी मोजता येतो. सपाट टेबलावर हबचं जाड तोंड खाली करून प्रोपेलर ठेवा. १६ इंचीसाठी केंद्रापासून १४२ मिलिमीटरचं वर्तुळ पात्यावर उमटवा. वरून पाहताना ३० अंशांच्या अंतरावर येतील असे दोन बिंदू त्यावर घ्या. टेबलाच्या पातळीत त्यांच्यातलं सरळ अंतर ७३.५ मिलिमीटर येतं. दोन्ही बिंदूंची टेबलापासूनची उंची मोजा. फरकाला १२ने गुणा, कारण ३६०मध्ये ३० बारा वेळा जातात. ११ इंच पिच असेल तर फरक २३.३ मिलिमीटर यायला हवा, १० इंचांना २१.२. म्हणजे टेबलावरचे दोन मिलिमीटर हे एक इंच पिच आहेत, तेव्हा जाडसर पट्टीने मोजू नका, व्हर्नियर घ्या. तिन्ही पात्यांचे आकडे वेगळे आले तर थरथरीचं कारणही सापडलं.

प्रोपेलर शाफ्टवरून काढायचा असेल तर पुलर लावा. पुलर ताणून ठेवून हब हळूच गरम केला की टॅपर (शाफ्टचं निमुळतं टोक) ‘टक्’ करून सुटतो. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे ठेवा, म्हणजे सुटलेला प्रोपेलर पायावर येत नाही. पात्यावर किंवा शाफ्टच्या टोकावर घण मारला तर त्याचा हिशोब गिअरबॉक्सचं बेअरिंग देतं.

परत चढवताना जी पायरी सगळे गाळतात ती ही. चावी (शाफ्ट आणि हबच्या खाचेत, म्हणजे कीवेत, बसणारा धातूचा तुकडा) न घालता प्रोपेलर टॅपरवर पूर्ण दाबून बसवा आणि हबच्या पुढच्या कडेला शाफ्टवर मार्करने रेघ मारा. काढा, चावी घाला, पुन्हा बसवा. हब त्याच रेघेपर्यंत आला पाहिजे. एक मिलिमीटर जरी अलीकडे थांबला, तर हब टॅपरवर नाही, चावीच्या डोक्यावर बसलाय. असा प्रोपेलर काही दिवस घट्ट वाटतो, मग हलायला लागतो आणि कीवे फाडतो. चावीचं डोकं कानशीने घासा, बाजू घासू नका, बाजूंनी ती चपखलच हवी. टॅपरही जुळणारा आहे ना ते बघा. १:१०, १:१२ आणि १:१६ असे वेगवेगळे टॅपर चालतात आणि चुकीचा हब एका टोकालाच पकडतो. दोन नट असतील तर पातळ नट आधी, जाड त्याच्यावर. शेवटी नवी स्प्लिट पिन.

बोट पाण्यात गेल्यावर पहिलं रिव्हर्स जेट्टीपासून लांब, मोकळ्या जागी घ्या. पिच बदललं की थांबायचं अंतर बदलतं, आणि उजव्या हाताचा प्रोपेलर रिव्हर्समध्ये बोटीचा मागचा भाग डावीकडे ओढतो, ती ओढही थोडी वेगळी जाणवेल. मग तीच चाचणी, त्याच टप्प्यांनी, तशाच पाण्यात. पूर्ण थ्रॉटलला ३५०० ते ३६०० आणि वर फार तर धुराची पुसट छटा, असं आलं की काम झालं. ३७०० दिसले तर एक अंश परत वाढवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण यावरून लोक पिच पुन्हा जुन्या जागी नेतात. ६ नॉटला आधी २४०० लागत असतील तर आता २६००च्या आसपास लागतील. आवाज किंचित वाढेल आणि ‘बोट सुस्त झाली’ असं वाटेल. बोटीला ६ नॉटने ढकलायला लागणारा जोर तोच आहे, त्यामुळे डिझेलच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. प्रत्येक फेऱ्यामागे इंजिनाला कमी ओढावं लागतं, एवढाच बदल. नवे आकडे लिहिलेला तक्ता पॅनेलजवळ चिकटवून ठेवा. पुढे कधी पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम त्याच्या दोनशे खाली आला, तर पिचला हात लावू नका, आधी बोटीखाली डोकावून बघा.